गाडीचं अंतरंग

माणसाने संसारात काही गोष्टी उघडून पाहू नयेत, असे माझे मत आहे. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, बँकेतल्या सस्पेन्स खात्याची जुनी नोंद आणि जुन्या मोटारीचं कार्पेट. ट्रंकेत निदान डांबराच्या गोळ्या तरी टाकलेल्या असतात. कार्पेटखाली काय निघेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमच्या गाडीच्या कार्पेटखाली रस्ता निघाला.

हे वाक्य जरा समजावून सांगितलं पाहिजे.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पांढरी, १९८६ सालची. जुनी माणसं तिला अजून फियाटच म्हणतात, कारण मूळची ती इटलीची फियाट अकराशे. इथे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे चितोडच्या राणीचं नाव लावून पुरती देशी झाली. बाबांनी १९८० साली तिच्यासाठी नाव नोंदवलं. त्याच साली माझीही नोंदणी झाली होती. मी नऊ महिन्यांत आलो, गाडीला सहा वर्षं लागली. त्यामुळे घरात दोघांपैकी कोण जास्त मौल्यवान, हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही.

बाबांनी ती गाडी वापरली असं म्हणण्यापेक्षा सांभाळली असं म्हणणं बरं. शोरूममधून येताना सीटवर जे प्लास्टिक होतं ते त्यांनी काढलंच नाही. आठ वर्षं आम्ही त्या प्लास्टिकवर बसलो. मे महिन्यात हाफ पँटमधल्या मांड्या त्याला अशा चिकटत की उतरताना चर्र आवाज येई आणि आपली थोडी साल गाडीतच राहिली की काय असं वाटे. शेवटी प्लास्टिक पिवळं पडून फाटलं. आता खालचं रेक्झिन दिसणार म्हणून आम्ही भावंडं टपून बसलो, तर त्याच आठवड्यात बाबांनी कापडी कव्हरं शिवून आणली. कव्हरं मळू नयेत म्हणून त्यांच्यावर टर्किश टॉवेल आले. पायाखालीही तीच तऱ्हा. कार्पेटवर रबरी मॅट, मॅटवर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर आम्ही, अनवाणी. चपला काढून पिशवीत घालायच्या आणि पिशवी मांडीवर घ्यायची. गाडी चालवणारे बाबाही अनवाणीच चालवीत. पुढे मी शिकलो तोही तसाच.

एकदा आम्ही वाईला लग्नाला निघालो होतो. आमच्या मामांना ही रीत नवीन. त्यांनी देवळात जावं तशा चपला गाडीच्या दाराबाहेर काढल्या, आत शिरले आणि भक्तिभावाने दार लावून घेतलं. चपलांची आठवण झाली ती खंबाटकी घाटात, रेडिएटर उकळलं म्हणून सगळे खाली उतरले तेव्हा. मे महिन्यातला दुपारचा डांबरी रस्ता. त्या रस्त्यावर मामांनी जो नाच केला तो पुढे वरातीत कुणालाही जमला नाही.

असो. आता बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं आपणहून सोडलं. आई २०१५ मध्ये गेली, तेव्हापासून लांबचा प्रवासही सुटला. मी बँकेत स्कूटरने जातो. (मी बी. कॉम. आहे आणि क्लार्क आहे. अलीकडे आम्हाला असोसिएट म्हणतात, पण रांगेतला माणूस अजून 'ओ साहेब, मशीन बंद आहे का?' एवढंच म्हणतो.) गाडी आपली कोथरूडला सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी असते. रविवारी मी तिला चालू करून दोन रस्ते फिरवून आणतो. अशाच एका रविवारी आमची कन्या आत बसली आणि म्हणाली, "आजोबा, गाडीत ओल्या कुत्र्याचा वास येतो." आमच्याकडे कुत्रा नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. बाबांनी ती बातमी कापून पंचांगात ठेवली. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच बातमीवरून वेगळा बोध घेतला. "एक तर गाडी नीट करा, नाहीतर काढून टाका," ती म्हणाली. मी एका भंगारवाल्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर टिचकी मारली आणि किलोचा भाव सांगितला. बाबा गॅलरीत उभे होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता खाली पाहतो तर हातात ओलं फडकं घेऊन ते गाडी पुसताहेत. गाडी कसली, गाडीचं कव्हर पुसताहेत. असं त्यांनी आठवडाभर केलं. आठव्या दिवशी मी नाना पेठेत गेलो.

नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांची आणि सीटकव्हरांची दुकानं हारीने आहेत. त्यातल्या एका चाचांनी गळ्यातली टेप न काढता गाडीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "कार्पेट बदलायचं, सीट भरायची, दरवाज्याचे पॅड नवे. एक दिवसाचं काम. सकाळी द्या, संध्याकाळी घेऊन जा. कार्पेटचे साडेसहा हजार, बाकीचं बघून सांगतो." बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला 'बाकीचं बघून सांगतो' या शब्दांचा अर्थ कळायला हवा होता.

एप्रिल २०२४ मधल्या एका शनिवारी गाडी घेऊन गेलो. बाबाही आले. दुकानासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर, ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तसे बसले.

आधी निघाली वर्तमानपत्रं. वरच्या थरात नोटाबंदीची बातमी होती. त्या दिवसांत मी रात्री दहापर्यंत काउंटरवर होतो, त्यामुळे तो कागद मी हातात घेतला नाही. पण डाव्या बाजूला, जिथे जमीन कोरडी होती तिथे, थराखाली थर होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा अंक निघाला. त्याच्याखाली एका शालान्त परीक्षेचा निकाल, नंबरांच्या बारीक ओळी. चाचांनी कात्री खाली ठेवली आणि वाचायला घेतलं. त्यांचा पोऱ्या वाचू लागला, मीही वाचू लागलो. शेजारचा बॅटरीवाला येऊन मागून वाचू लागला. रद्दी काढताना महाराष्ट्रात कुठलंही काम अर्धा तास बंद पडतंच.

मग पुढची सीट निघाली. ती पद्मिनीत अखंड असते, बाकासारखी, आणि गिअर स्टिअरिंगच्या मानेला. म्हणून पुढे तिघं मावत आणि मधल्याचे गुडघे कुणाच्या आड येत नसत. सीटचे बोल्ट गंजले होते. तेल सोडून, ठोकून, शेवटी दोन तोडून ती बाहेर काढली. खाली दोन हेअरपिना, संत्र्याच्या गोळीचा कागद, माझ्या कंपासपेटीतला हरवलेला कोनमापक आणि चिल्लर. चिल्लर मी सवयीने मोजली. चार रुपये पस्तीस पैसे. पैकी दहा, वीस आणि पंचवीस पैशांची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत, हे मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झालो आणि तेव्हा मला ते दिसलं. सीट जिथे होती तिथलं कार्पेट मोरपंखी रंगाचं होतं. अगदी लखलखीत, कालच अंथरल्यासारखं. अडतीस वर्षं मी समजत होतो की आमच्या गाडीची जमीन काळी आहे.

"बाबा, हा रंग?"

"तुझ्या आईनं पसंत केला होता," बाबा स्टुलावरून म्हणाले. "कंपनीच्या गाडीत साधं रबर होतं. कार्पेट मी वेगळं घालून घेतलं. दुकानात तिला हेच हवं होतं. मी म्हणत होतो, मरून घेऊ."

"मग झाकलं कशाला?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न विचारणाऱ्याच्या बुद्धीचीच शंका यावी. "खराब होऊ नये म्हणून."

ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट चाचांनी उचललं तेव्हा त्याचा चिखल झाला होता. कार्पेटखाली आवाज दाबायला नमदा घातलेला असतो. तो ओल्या भाकरीसारखा हातात तुटून आला. चाचांनी त्याखालच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. ठोकला नाही, नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. भोक मोठं केल्यावर नाना पेठेचा रस्ता दिसला, आणि त्या रस्त्यावर बसलेली एक मांजर वर आमच्याकडे बघत होती.

चाचांनी दोष कुणाला दिला नाही. ते कौतुकानेच बोलले. "नमदा पाणी पितो, साहेब. पण वर मॅट नसली तर पिऊन वाळतो. तुम्ही वर रबर टाकलं, त्याच्यावर कागद टाकला. पाण्याला निघायला रस्ताच नाही. ज्यांनी गाड्या कशाही वापरल्या त्यांचे पत्रे अजून शाबूत आहेत. तुम्ही फार जपली हो गाडी."

बाबांनी ते ऐकलं. उठले, भोकातून एकदा वाकून पाहिलं आणि रिक्षाने घरी गेले.

संध्याकाळी मी हिशेब करीत बसलो. कॉमर्सच्या माणसाला दुःख झालं की तो घसारा काढतो. मोटारीला आयकराच्या हिशेबात १५ टक्के घसारा, तोही घटत्या किमतीवर. बाबांचा खरेदीचा आकडा सत्तर हजार. अडतीस वर्षं दर साली १५ टक्के कापत गेलो तर गाडीची पुस्तकी किंमत १४६ रुपये उरते. या पद्धतीची गंमत अशी की किंमत कितीही घटली तरी शून्य होत नाही. आमच्या कॉलेजात सरांनी हे फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं आणि आम्ही मागच्या बाकावर झोपलो होतो. आता १४६ रुपयांच्या मालमत्तेला पत्रा, वेल्डिंग, रंग, कार्पेट, सीट धरून चाळीस हजारांच्या पुढे खर्च. हा भांडवली खर्च की महसुली, हे मी आमच्या हेडकॅशियरना विचारलं. ते म्हणाले, "हा धर्मादाय."

दोन दिवस बाबा कुणाशी बोलले नाहीत. जेवायचे आणि पेपर डोळ्यांसमोर धरून बसायचे. पान उलटत नव्हतं. बायकोने मला खुणेने विचारलं, मी खुणेने खांदे उडवले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "पण पाणी आलं कुठून?"

इथे सांगायला हवं की आमचे बाबा पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत टॉर्च घेऊन उतरायचं आणि कुठून किती पाझर येतो ते मोजून वहीत लिहायचं, यात त्यांची अर्धी नोकरी गेली. पाझर हा त्यांचा प्रांत. स्वतःच्या गाडीत अडतीस वर्षं पाझर होता आणि त्यांनी त्याच्यावर वर्तमानपत्र अंथरलं होतं, ही गोष्ट त्यांना कुठे लागली असेल ते मी बोलून दाखवलं नाही.

आम्ही पुन्हा नाना पेठेत. सीट निघालेल्या गाडीत एक रंगाचा डबा उपडा घालून बाबा त्यावर बसले. हातात टॉर्च. जमिनीवर कोरडे कागद पसरून घेतले. कागद ओला झाला की लगेच काळा पडतो, डोळ्यांना कमी दिसलं तरी ते कळतं. मी बाहेर पाण्याचा पाइप धरून उभा.

"काचेवर मार," चाचा म्हणाले.

"थांब!" आतून गर्जना आली. हा आवाज मी पुष्कळ वर्षांनी ऐकत होतो. "आधी खाली. दाराच्या खालच्या कडेवर पाच मिनिटं. कोरडं राहिलं तर वर सरकायचं. एकदम वरून ओतलंस तर सगळंच भिजेल, कळायचं काही नाही. आणि हळू सोड, धरण फोडायचं नाहीये!"

दीड तास चाललं ते. मी पाइप धरून इंचाइंचाने वर सरकतोय, आतून 'कोरडं', 'कोरडं', 'पुढे' असे हुकूम येताहेत, चाचांची दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघताहेत. पहिला पाझर दारात सापडला. दाराच्या काचेवरचं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं; आमची भोकं मातीने बुजलेली, म्हणून पाणी पॅडच्या पुठ्ठ्यातून आत. दुसरा, आणि मुख्य, पुढच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात. तिथलं रबराचं बीडिंग वाळून लाकूड झालं होतं. कागद काळा पडताना बाबांनी असा काही "सापडला!" म्हणून आवाज दिला की पलीकडच्या दुकानातला माणूस चोर सापडला समजून धावत आला.

तिथून पुढे चाचांच्या दुकानाचा ताबा बाबांकडे गेला. डेंटरने सडलेला पत्रा नुसता झाकून वर नवा तुकडा मारायचं म्हटलं, त्यावर बाबांनी सांगितलं की चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, मग जोडायचं. वर रेड ऑक्साइड, सांध्यांना डांबर. नमदा पुन्हा घालायचा नाही. पाणी न पिणारा फोम आणायचा. दाराच्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद लावायचा. ("आयुष्यात प्लास्टिक लावलं ते भलत्या बाजूला लावलं," एवढंच ते त्या वेळी पुटपुटले.) सीटमधला काथ्या आणि तरट काढून स्प्रिंगा बांधून घेतल्या, वर साधं मातकट रेक्झिन. छताचं कापड लोंबत होतं तेही ताणून घेतलं. एक दिवसाचं काम सात आठवडे चाललं. चाचांचा आणि बाबांचा रोज दुपारचा चहा सुरू झाला आणि त्याचे पैसे बिलात धरले आहेत की नाहीत हे मला अजून कळलेलं नाही. एकूण बिल ४३,८०० रुपये.

अडलं ते कार्पेटच्या रंगावर. बाजारात काळं, करडं आणि बिस्किटी. "धूळ दिसत नाही, साहेब," हे तिन्हींचं समर्थन. मोरपंखी कुणी घालत नाही. मी पोपटी पाहिलं, निळं पाहिलं; जुन्या कार्पेटचा सीटखालचा एक चांगला तुकडा खिशात घेऊन दोन शनिवार दुकानं पालथी घातली. शेवटी सतरंज्या आणि पायपुसणी विकणाऱ्या एका दुकानात मांडवात अंथरतात तसल्या कार्पेटचा एक गुंडाळा मिळाला. उन्हात धरला तर थोडा हिरवट, सावलीत बरोबर. बाबांनी तो तुकडा शेजारी ठेवून पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "आहे तोच." कापण्यासाठी चाचांनी वर्तमानपत्रांचे नमुने बेतले. तेवढ्यापुरती आमची रद्दी कामी आली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी मिळाली. पाऊस नुकता पडून गेला होता, नाना पेठेत घोटा बुडेल इतका राडा. चाचांनी दार उघडून धरलं. आत मोरपंखी जमीन पसरलेली. वर ना मॅट, ना कागद. नवीन रबराचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास येत होता. कुत्रं गेलं होतं. बाबा क्षणभर बघत राहिले आणि मग शांतपणे दोन्ही चिखलाच्या चपलांसकट आत बसले.

"बाबा, चप्पल!" मी ओरडलो. माझ्या हातात पिशवी तयार होती.

बाबांनी पाय आणखी ऐसपैस पसरले. कार्पेटवर चिखलाचे दोन ठसे उमटले. "असू दे रे," ते म्हणाले, "पत्रा सडायला अडतीस वर्षं लागतात. चल, गिअर टाक."

चाचांना नमस्कार करून मी गाडी काढली. लक्ष्मी रोडने निघालो. बाबा त्रिकोणी काच उघडून वारा घेत होते आणि मधूनच खाली पायांकडे बघत होते. म्हणाले, "तिला दाखवायला हवं होतं उघडं." मी काही बोललो नाही. पुढे गर्दी होती, एवढं निमित्त मला पुरलं.

अलका चौकात लाल दिवा लागला. ब्रेक दाबला तेव्हा पेडलचं नवं रबर पायाला गार लागलं. मी खाली पाहिलं. मग पिशवी चाचपली. ती रिकामीच होती. माझ्या चपला नाना पेठेत, चाचांच्या दुकानासमोर, गाडीच्या दाराबाहेर जोडीने ठेवलेल्या होत्या.